गंगेचा जलमार्ग आणि कालव्याची दारं

काशीला पंचगंगा घाटाच्या उभ्या पायऱ्या चढून गेलं की वरच्या गल्लीत मंगळागौरीचं देऊळ आहे. काशीखंडातल्या कथेप्रमाणे सूर्यानं इथे तप केलं, गभस्तीश्वर नावाचं लिंग स्थापलं आणि गौरीची आराधना केली. म्हणून शेजारी मयूखादित्यही आहे. मराठी घरात मंगळागौर म्हटलं की श्रावणातला मंगळवार, पत्री, झिम्मा-फुगड्या आणि रात्रीचं जागरण आठवतं. काशीतल्या मराठी बायकांना ती चार पावलांवर, आपल्याच गल्लीत सापडली, कारण गंगेकाठचा हा पट्टा मराठी वस्तीचा आहे. शेजारचे दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात बांधून घेतले. बालाजी घाटही पेशव्यांच्या काळातला. पंचगंगेवरचा दगडी दीपस्तंभ, कार्तिकी पौर्णिमेला हजार दिवे अंगावर घेणारा, अहिल्याबाई होळकरांचा. आजचं बिंदुमाधवाचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं.

एवढा दगड इथवर आला तो नदीतून. काशीच्या वरच्या अंगाला चुनारच्या टेकड्या आहेत. तिथला फिकट, घट्ट दगड नावेत घालून प्रवाहाबरोबर खाली सोडायचा आणि घाटाखाली उतरवायचा. बैलगाडीला जे ओढवलं नसतं ते नावेनं नेलं. धान्य, कापूस, साखर, मीठ, नीळ, रेशीम, यात्रेकरू, सगळ्यांचा रस्ता तोच. रेल्वे काशीच्या समोरच्या काठाला आली १८६२ साली आणि पूल ओलांडून शहरात शिरली १८८७ मध्ये. त्याआधी काशी म्हणजे एका लांबलचक जलमार्गाच्या मधोमध वसलेलं गाव होतं. या जलमार्गाच्या दोन्ही टोकांना एकोणिसाव्या शतकात कालवे खणले गेले आणि त्या कालव्यांवर नावा चढवायला-उतरवायला दारं बसवली गेली. खालचं टोक कलकत्त्याला, वरचं हरिद्वारला. दोन्ही टोकांना मराठी इतिहासाचे धागे अडकलेले आहेत आणि आपल्याकडे ते फारसे सांगितले जात नाहीत.

खालच्या टोकाची गोष्ट पंचगंगेवरूनच सुरू होते. १८२० साली काशीच्या टांकसाळीत धातूचा कस तपासायला जेम्स प्रिन्सेप नावाचा विशीतला तरुण आला. पुढे ब्राह्मी लिपी वाचून अशोकाचे शिलालेख बोलते करणारा तो हाच. त्याची काशीतली दहा वर्षं मात्र बांधकामं करण्यात गेली. त्यानं शहराचा बारकाईनं नकाशा काढला, घाटांची चित्रं काढली, शहरातली दलदल उपसून गंगेत सोडणारा कमानींचा भुयारी नाला बांधला. पंचगंगेवर, मंगळागौरीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, औरंगजेबाच्या काळातली मशीद आहे. जुनं बिंदुमाधव जिथे होतं तिथली. तिचे उंच मिनार कलले होते. प्रिन्सेपनं ते उतरवून पुन्हा सरळ बांधून दिले. लोक त्यांना माधवरावांचा धरहरा म्हणत. त्यातला एक १९४८ मध्ये कोसळला.

त्याच सुमारास प्रिन्सेपच्या हाती एक काम आलं, ज्याचा पाया पुण्यातून घातलेला होता. काशीहून गयेला जायचं तर वाटेत कर्मनाशा नदी लागते. त्रिशंकूच्या लाळेतून ती निघाली आणि तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर जन्मभराचं पुण्य धुऊन जातं, अशी समजूत. प्रयाग, काशी आणि गया अशी त्रिस्थळी यात्रा करणाऱ्या मराठी माणसाला ही मोठीच धास्ती होती. काशीत मिळवलेलं पुण्य गयेच्या वाटेवरच जायचं! ज्यांना परवडे ते माणसांच्या खांद्यावर बसून नदी ओलांडत. ही अडचण नाना फडणविसांनी मनावर घेतली आणि कर्मनाशेवर दगडी पूल बांधायला घेतला. खालच्या वाळूत पाया ठरेना. काम अर्धवट राहिलं आणि १८०० साली नाना गेले. तीस वर्षांनी काशीच्या राजा पटनीमल यांनी पैसा उभा केला आणि प्रिन्सेपच्या देखरेखीखाली पूल पुरा झाला. पुण्यातल्या कारभाऱ्यानं सुरू केलेलं, काशीच्या धनिकानं पैसा पुरवलेलं आणि इंग्रज तरुणानं पुरं केलेलं ते काम आहे. यात्रेकरूंच्या सोयीसाठी नाना इतक्या लांबवर हात पोचवत होते, ही गोष्ट त्यांच्या राजकारणाच्या चर्चेत झाकली जाते याचं मला वाईट वाटतं.

१८३० मध्ये काशीची टांकसाळ बंद झाली आणि प्रिन्सेप कलकत्त्याला गेला. तिथे त्याचा भाऊ थॉमस, लष्करी इंजिनियर, हुगळीपासून पूर्वेच्या खाड्यांपर्यंत जाणारा कालवा खणत होता. थॉमस घोड्यावरून पडून वारला. काम अंगावर आलं जेम्सच्या, आणि त्यानं ते तडीस नेलं.

या कालव्याची गरज समजून घ्यायची तर काशीहून निघालेल्या नावेबरोबर खाली जायला हवं. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही महिने गंगेतून भागीरथी, भागीरथीतून हुगळी असा सरळ रस्ता मिळे. पण कोरड्या दिवसांत भागीरथीचं मुख गाळानं भरून जाई आणि भरलेली नाव तिथून उतरू शकत नसे. मग पद्मेतून पूर्व बंगालात जायचं, तिथून सुंदरबनाच्या खाड्यांमधून पश्चिमेकडे वळायचं आणि मागच्या बाजूनं कलकत्त्यात शिरायचं. शेकडो मैलांचा वळसा. बंगालच्या उपसागराच्या भरती-ओहोटीवर चालणाऱ्या त्या खाड्या, दलदल, वाघ आणि वादळं. शहराच्या पूर्वेकडून हुगळीत थेट आणणारा कालवा झाला की निदान शेवटचा टप्पा सुरक्षित व्हायचा. त्यासाठी बागबाजारजवळ चितपूरला हुगळीच्या तोंडाशी लॉक बसवलं गेलं आणि माणिकतला, नारकेलडांगा, बेलेघाटा अशा वस्त्यांच्या कडेनं कालवा पूर्वेकडे नेला गेला.

आता बागबाजार म्हटलं की मराठी माणसानं थांबायला हवं. त्याच भागात आजही मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. १७४२ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांचं सैन्य, भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली, बंगालात उतरलं. कलकत्त्याच्या रहिवाशांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, तोही स्वतःच्या खर्चानं. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाला आणि मराठे कलकत्त्यावर येत नाहीत असं दिसल्यावर काम थांबलं. १७९९ मध्ये त्यातला बराचसा बुजवून सर्क्युलर रोड केला. पुढे कालवा आला तो याच खंदकाच्या बाहेरून, त्याच्या वळणाला धरून. मराठ्यांना अडवायला खणलेल्या खंदकाच्या कडेनं काशीचा माल कलकत्त्यात येऊ लागला. बंगालात बारगीरांची आठवण अजून अंगाईगीतांत भीतीची म्हणून टिकून आहे. ती आपण प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. त्या मोहिमेत गावंच्या गावं उजाड झाली होती.

लॉक म्हणजे काय, हे नीट पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. कालव्याचं पाणी एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली असतं. मधे पक्क्या बांधकामाचा लांबट हौद बांधतात आणि त्याच्या दोन्ही टोकांना दुपाखी लाकडी दारं लावतात. दाराची दोन पाखं सरळ रेषेत मिटत नाहीत. ती वरच्या पाण्याकडे कोन करून एकमेकांना टेकतात, म्हणजे पाण्याचा जेवढा दाब वाढेल तेवढी ती घट्ट बसतात. खालून नाव येते. खालची दारं उघडी असतात, नाव हौदात शिरते, मागची दारं लावतात. मग वरच्या बाजूची छोटी झडप उचलतात. पाणी तळाकडून उसळत आत येतं, नाव भिंतीच्या कडेनं हळूहळू वर चढू लागते. नावाडी बांबू भिंतीला टेकवून ती घासू नये म्हणून धरून उभे राहतात. भिंतीवरची शेवाळलेली ओली रेघ पाण्याखाली जाते. आतलं आणि वरचं पाणी एका पातळीला आलं की दारांवरचा दाब सरतो आणि इतका वेळ न हलणारी दारं दोन-चार माणसांनी दांडा ढकलला तरी उघडतात. उतरताना हेच उलट. चितपूरला हे दार भरती-ओहोटीसाठी होतं, कारण हुगळी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. हरिद्वारहून निघणाऱ्या कालव्याला ही दारं हवी होती ती डोंगरउतारासाठी.

१८३७-३८ मध्ये गंगा-यमुनेच्या दोआबात भयंकर दुष्काळ पडला. सुमारे ८ लाख माणसं मेली असा अंदाज त्या काळी केला गेला. त्यानंतर प्रोबी कॉटली या लष्करी अधिकाऱ्यानं हरिद्वारला गंगा अडवून दोआबात पाणी नेण्याची पाहणी केली. १८४२ मध्ये खोदाई सुरू झाली आणि लगेच अडखळली. नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो यांना कालवा हवा होता तो आधी नावांसाठी, शेतीसाठी उरेल तेवढंच. पाणी की वाट, हा वाद या कालव्याच्या जन्मापासूनचा आहे. पुढे हार्डिंग आणि डलहौसी यांनी काम रेटलं. शेती पुढे आली. पण नावांसाठीही सोय ठेवायचं ठरलं आणि म्हणून प्रत्येक धबधब्याशेजारी एक बाजूचा चर आणि त्यावर लॉक असा आराखडा झाला.

हरिद्वारच्या पंड्यांनी विरोध केला. गंगेला बंधारा घालायचा म्हणजे तीर्थाचं तीर्थपण जाणार, असं त्यांचं म्हणणं होतं. कॉटलीनं बंधाऱ्यात पाणी वाहतं राहील अशी मोकळीक ठेवली, हर की पौडीचे घाट दुरुस्त करून दिले आणि काम सुरू करताना गणेशपूजन केलं. या वादाचा पुढचा अंक साठ वर्षांनी झाला.

हरिद्वार सोडल्यावर पहिले काही कोस या कालव्याची खरी परीक्षा आहे. शिवालिकच्या उतारावरून पावसाळ्यात ओढे धाडधाड खाली येतात. कालवा त्यांना आडवा. रानीपूर आणि पथरी हे दोन ओढे कॉटलीनं कालव्याच्या डोक्यावरून नेले. नाव खालून जाते आणि नदी वरून. पुढे धनौरीला रतमऊ नदी कालव्याच्याच पातळीवर आडवी येते. तिथे दारांचं धरण घालून नदीला एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर काढलं. त्याच्या पुढे सोलानी. तिथे उलट केलं. नदी खाली ठेवली आणि कालवाच १५ कमानींच्या पुलावरून पलीकडे नेला, प्रत्येक कमान ५० फुटांची. हरिद्वारहून रुडकीला नावेतून येणारा माणूस काही तासांत दोन ओढ्यांखालून, एका नदीमधून आणि एका नदीवरून जात असे. असा प्रवास त्या काळी जगात आणखी कुठे करता आला असता, मला माहीत नाही.

सोलानीच्या पुलाचा पाया घालायला कॉटलीनं विहिरी खणणाऱ्यांची देशी रीत उचलली. वाळूवर विटांची गोल विहीर बांधायची, आतली वाळू उपसत जायची आणि बांधकाम स्वतःच्या वजनानं खाली बसू द्यायचं. कर्मनाशेवर नानांच्या कारागिरांना छळणारी वाळू याच जातीची होती. सोलानीला माती वाहायला रुळांवरून इंजिन चालवलं गेलं, डिसेंबर १८५१ मध्ये. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली त्याच्या सुमारे सव्वा वर्ष आधी. कालव्यासाठी माणसं तयार करायला रुडकीला १८४७ मध्ये इंजिनियरिंग कॉलेज निघालं. पुढे त्याला जेम्स थॉमसन यांचं नाव दिलं गेलं. थॉमसन हे वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर आणि कालव्याचे खंदे पाठीराखे. पाणी सुटायच्या आधीच, १८५३ मध्ये ते वारले. ८ एप्रिल १८५४ ला रुडकीला समारंभानं दारं उघडली. कालवा ६,७५० घनफूट पाणी दर सेकंदाला नेण्यासाठी आखलेला होता. कोरड्या दिवसांत हरिद्वारला नदीत जेवढं पाणी असे त्यातला बहुतेक हिस्सा यात गेला असता.

रुडकीपासून खाली नाव कशी जात असेल? जमीन खूप उताराची, म्हणून कालवा पायरी-पायरीनं खाली उतरवला आहे. असफनगर, बेलडा, जौली, चितौरा, सलावा, भोला, डासना, पालडा, सुमेरा. प्रत्येक ठिकाणी पाणी पुरुषभराहून जास्त उंचीवरून खाली पडतं. धबधब्याच्या जरा आधी नाव बाजूच्या चरात वळवायची, लॉकच्या हौदात घालायची, खाली उतरवायची आणि पुन्हा मुख्य कालव्यात आणायची. अलीगढकडे ननूजवळ कालवा दुभंगतो. एक फाटा इटाव्याला, एक कानपूरला. कानपूरला शेवटच्या लॉकांच्या ओळीतून नाव खाली गंगेत उतरते. हरिद्वारला सोडलेली गंगा सुमारे ३५० मैलांनंतर पुन्हा भेटते, आणि तिथून प्रवाहाबरोबर प्रयाग, मिर्झापूर, चुनार करत पंचगंगेच्या पायऱ्यांखाली येता येतं. लाकूड, धान्य, मीठ, कापूस असा माल या वाटेनं गेला.

कानपूरच्या वरच्या अंगाला बिठूर, म्हणजे आपलं ब्रह्मावर्त. दुसरे बाजीराव १८१९ पासून तिथे राहत होते आणि जानेवारी १८५१ मध्ये तिथेच वारले. ब्रह्मावर्त आणि काशी या दोन मराठी वस्त्या गंगेनंच जोडलेल्या होत्या. बाजीरावांचे भाऊ धाकटे चिमाजी आप्पा काशीत राहत, त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. चिमाजी आप्पांच्या पश्चात मोरोपंत लहानग्या मनूला घेऊन ब्रह्मावर्ताला आले. तीच पुढची झाशीची राणी.

कालवा सुरू झाल्यावर तीन वर्षांतच १८५७ उजाडलं. जूनमध्ये कानपूरला सतीचौरा घाटावर प्रयागला जाण्यासाठी नावांत बसलेल्या इंग्रजांची कत्तल झाली आणि त्या एका दिवसामुळे बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांचं नाव इंग्लंडात कायमचं काळं झालं. कालव्याच्या वाट्याला आलेली लढाई मात्र डिसेंबरमधली आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस येवल्याचे रामचंद्र पांडुरंग, म्हणजे तात्या टोपे, ग्वाल्हेरची पलटण घेऊन कानपूरवर आले आणि त्यांनी जनरल विंडहॅमला मागे रेटून शहर घेतलं. लखनौहून कॉलिन कँपबेल धावत परत आला. ६ डिसेंबरला दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी राहिली तेव्हा दोघांच्या मधे कालवा होता. तात्यांनी त्याचा खंदकासारखा उपयोग केला होता. शहराचा भाग कालव्याच्या आड, उजवी बाजू मोकळ्या मैदानात काल्पीच्या रस्त्यापर्यंत. कँपबेलनं शहरासमोर तोफांचा देखावा केला आणि खरा मारा उजव्या बाजूवर आणला. कॅप्टन पीलच्या खलाशांनी २४ पौंडी तोफ हातांनी ओढत कालव्याच्या पुलावर नेली आणि तिच्या मागून पलटणी पार झाल्या. पूल गेले तशी उजवी बाजू मोडली, आणि उजव्या बाजूबरोबर काल्पीचा रस्ताही गेला. शहर आणि ब्रह्मावर्ताकडची फौज दोन तुकड्यांत पडली.

तात्यांची चूक शोधणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगेन. कालवा हा खंदक म्हणून खणलेला नसतो. त्याच्यावर ठिकठिकाणी पूल असतात, कारण शेतकऱ्याला पलीकडच्या शेतात जायचं असतं. एवढ्या पुलांवर एकदम पहारा बसवणं हे कुणाही सेनापतीच्या हातचं नव्हतं. तरीही बरीच माणसं तिथून निसटून बाहेर पडली. त्यानंतर होप ग्रँट ब्रह्मावर्तावर गेला. पेशव्यांचा वाडा उद्ध्वस्त केला गेला, विहिरीत लपवलेला खजिना उपसून काढला गेला. वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच वर्षी उत्तरेत फिरत होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये हा काळ एका भिक्षुकाच्या डोळ्यांनी पाहायला मिळतो.

१८५७ शमल्यावर नावांची वाहतूक वाढेल अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. कारण कालव्याच्या आखणीतच दडलेलं होतं. पाणी शेतापर्यंत पोचवायला उतार हवा, आणि कॉटलीनं दिलेला उतार जरा जास्तच झाला. पाणी इतक्या वेगानं वाहू लागलं की तळ खरवडला जाऊ लागला, धबधब्यांची बांधकामं खचू लागली. खाली जाताना नाव सुसाट जाई. वर येताना काठावरून माणसं आणि बैल दोरानं ओढून थकून जात. पाणी वाढलं की पुलांखाली उंची पुरेना. साफसफाईसाठी कालवा बंद ठेवावा लागे आणि त्या दिवसांत माल अडकून पडे. गोदावरीच्या मुखाशी कालवे बांधून नाव कमावलेला आर्थर कॉटन, जो आयुष्यभर भारताला रेल्वेऐवजी जलमार्ग हवेत असं सांगत राहिला, त्यानं १८६३ पासून कॉटलीच्या आखणीवर कडाडून टीका केली. कॉटलीनंही तेवढंच कडक उत्तर दिलं. वर्षानुवर्षं पत्रकं, प्रतिपत्रकं झाली. शेवटी क्रॉफ्टन या इंजिनियरला दुरुस्तीची योजना करावी लागली. दरम्यान १८५९ मध्येच प्रयाग–कानपूर रेल्वे सुरू झाली होती. नावाड्याला आठवडे लागत तिथे गाडी दिवसात पोचू लागली.

कॉटन आणि कॉटली दोघंही आपापल्या जागी बरोबर होते असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला वाटतं कॉटनचा एक मुद्दा अधिक खोल होता. वाहतुकीचा कालवा संथ हवा, भरलेला हवा आणि बारमाही हवा. सिंचनाचा कालवा नदीचं पाणी शेतात संपवायला असतो. एकाच पाण्यावर दोन्ही बसवायचं तर कुणाला तरी माघार घ्यावी लागते, आणि ती माघार नावांनी घेतली. कालव्यावर घेतली तशीच नदीवरही. पूर्वी मालाच्या नावा गंगेतून गढमुक्तेश्वरपर्यंत वर जात. हरिद्वारला पाणी काढलं गेलं, मग १८७८ मध्ये नरोऱ्याला बंधारा घालून खालच्या कालव्यात आणखी काढलं गेलं. उन्हाळ्यात कानपूरच्या वर नदीत मोठ्या नावा चालवण्याइतकं पाणी उरेना. दोआबाचा दुष्काळ हटला, लक्षावधी एकर जमीन भिजली, हे श्रेय मोठं आहे आणि ते द्यायलाच हवं. पण त्यासाठी एक हजारो वर्षांचा जलमार्ग मोडला, हेही हिशेबात लिहिलं पाहिजे.

हरिद्वारचा जुना वाद पुन्हा उफाळला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. नवा बंधारा होत होता आणि हर की पौडीला अडवलेलं पाणी येणार अशी भीती होती. पुढाकार घेतला पंडित मदनमोहन मालवीयांनी. फेब्रुवारी १९१६ मध्येच त्यांनी काशीला हिंदू विश्वविद्यालयाची पायाभरणी करून घेतली होती. डिसेंबर १९१६ मध्ये सरकार, राजेरजवाडे आणि धर्माचार्य एकत्र बसले आणि तीर्थाकडे किमान १,००० घनफूट पाणी दर सेकंदाला न अडता जाईल असं ठरलं. नदीत किती पाणी सोडायचं याचा आकडा लोकांनी सरकारकडून लिहून घेतल्याची ही या देशातली सुरुवातीची घटना. पंचगंगेच्या खाली राजघाटाजवळचा जुना डफरिन पूल आता मालवीय पूल म्हणून ओळखला जातो.

काशीच्या खालचा जलमार्ग तेवढा मेला नाही. १९७५ मध्ये फराक्क्याचा बंधारा सुरू झाला आणि सुमारे ३८ किलोमीटरच्या कालव्यातून गंगेचं पाणी भागीरथीत वळवलं गेलं, हुगळीतला गाळ धुऊन जावा म्हणून. ज्या गाळानं प्रिन्सेपच्या काळात काशीच्या नावांना सुंदरबनात पिटाळलं होतं तोच हा गाळ. तिथे जहाजांसाठी लॉक आहे, तत्त्व तेच, दारं पोलादाची. १९८६ मध्ये हल्दिया ते प्रयाग हा १,६२० किलोमीटरचा मार्ग पहिला राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर झाला. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी कलकत्त्याहून निघालेलं कंटेनरचं जहाज हे लॉक ओलांडून काशीसमोर, रामनगरजवळच्या नव्या धक्क्याला लागलं. १३ जानेवारी २०२३ ला काशीहून दिब्रुगढला ५१ दिवसांच्या प्रवासाला निघालेल्या ‘गंगा विलास’चा रस्ताही फराक्क्यावरूनच.

या जहाजांना खोली मिळावी म्हणून पात्रातली वाळू सतत उपसावी लागते. तो धक्का सुरू होण्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, केंद्र सरकारनं गंगेत किती पाणी ठेवायचं याची अधिसूचना काढली. हरिद्वारच्या भीमगोडा बंधाऱ्याखाली कोरड्या महिन्यांत ३६ घनमीटर दर सेकंदाला, नरोऱ्याखाली २४. मालवीयांचे १,००० घनफूट म्हणजे सुमारे २८ घनमीटर. शंभर वर्षांत हरिद्वारचा आकडा आठनं वाढला. त्याच हरिद्वारला कालव्यात आज १०,५०० घनफूट, म्हणजे जवळपास ३०० घनमीटर पाणी घेण्याची सोय आहे. जलमार्गाचा विचार हल्दियाकडून वर येतो आणि पाण्याचा निर्णय हरिद्वार, नरोऱ्याला होतो. जलमार्ग पाहणाऱ्यांनी आणि पाणी सोडणाऱ्यांनी एकत्र बसून पाण्याचा एक हिशेब मांडायला हवा. १८४२ साली एलनबरोंच्या टेबलावर जो वाद होता तो अजून तिथेच आहे.